वहिनीचं गाऱ्हाणं

माझी पिशवी काढली त्या दिवशी कागदावर सही माझ्या नवऱ्यानं केली. मी शुद्धीवर होते. बाळ आतच गेलं होतं, पिशवी फाटली होती, घाई होती, हे सगळं मला मान्य आहे. पण मला नाव विचारलं, वय विचारलं, पत्ता विचारला, सोबत कोण आलंय तेही विचारलं. काढायचं काय, हे मात्र दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला विचारलं. त्यानं न वाचता सही केली. दुसरं काय करणार होता.

हे आधीच सांगून टाकते. पुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

आम्ही तेव्हा नाहूरला एका बैठ्या चाळीत राहत होतो. नवरा एका युनियनचं पूर्ण वेळ काम करायचा. मी बायकांच्या एका गटात होते. शनिवारी दुपारी घाटकोपरला शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन आमची बैठक व्हायची. पत्रकं लिहिणं माझ्याकडे असायचं. मुलगा की मुलगी ते आधी सांगणाऱ्या दवाखान्यांच्या पाट्या त्या वर्षांत उपनगरांत पानाच्या गाद्यांसारख्या लागत होत्या, आणि आमची निम्मी पत्रकं त्याविरुद्ध होती. 'वंशाचा दिवा' हे दोन शब्द मी अवतरणचिन्हांत टाकून इतक्यांदा लिहिले असतील की सायक्लोस्टाइलवाला न सांगता ती चिन्हं घालायचा.

माझं माहेर पार्ल्याचं. आईनं तिच्या ओळखीच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते भले गृहस्थ होते. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. अमेरिकेत म्हणे एका बाईचं मूल दुसरी बाई पोटात वाढवून देते, वकील वगैरे लावून. आपल्याकडे टेस्ट ट्यूबपर्यंत मजल गेली आहे, ते नाही अजून. मग चष्मा पुसत ते नवऱ्याला म्हणाले, "घरातलं कोणी आहे का? बहीण, भावजय? आपल्याकडे ही गोष्ट पूर्वीपासून घरातल्या घरात होतेच की."

हेही त्यालाच सांगितलं. मी समोरच बसले होते.

दत्तक घ्यायचा प्रयत्न झाला होता. संस्थेतल्या बाईंनी आमच्या उत्पन्नाचा आकडा ऐकून पेन खाली ठेवलं. पूर्ण वेळ कार्यकर्ता म्हणजे काय, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि आम्हाला दोघांनाही नोकरी लागल्यावर यायला सांगितलं. तो दरवाजा तिथे बंद झाला. मूल आम्हाला हवं होतं. चळवळीत असलेल्या माणसांना ते नको असतं असा एक समज आहे. आम्हाला हवं होतं, आणि जितकं नाकारलं जात होतं तितकं जास्त हवं होतं.

आता जाऊबाई. मी त्यांना वहिनी म्हणते. पहिल्या भेटीत मी 'तुम्ही' म्हटलं तेव्हा ती म्हणाली होती, "माका तुमी-बिमी नको, माका वाटता मागे कोण उभां आसा." तेव्हापासून वहिनी आणि तू. हे लोक मालवणकडचे. भावजी, म्हणजे माझे थोरले दीर, गिरणीत होते. संपानंतर गिरणी गेली ती गेलीच. मग ते मुलुंडला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाले आणि वहिनीनं मालवणी मसाला करून विकायला सुरुवात केली. त्यांची खोली मुलुंडलाच, डोंगराच्या बाजूला. एक मुलगी, एक मुलगा, दोघं शाळेत.

हॉस्पिटलात माझ्यापाशी तीच राहिली होती. मला घरी आणल्यावर महिनाभर पेज तिनंच घातली. मी रडायचे तेव्हा ती उठून भांडी घासायला लागायची. एका दुपारी भांडी घासता घासताच, मागे न बघता म्हणाली, "दोन माझी झाली. तिसरां तुझां."

"काय?"

"तिसरां, गे. माझां पुढचां पोर तुझ्या ओटयेत घालतंय. पोटुशी ऱ्हवणां माका काय नवीन नाय."

ती जे म्हणाली ते मला कळायलाच वेळ लागला. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो चप्पल न घालता बाहेर जाऊन चाळीच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ आत आला नाही. पुढच्या महिन्यात वहिनीनं म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात जाऊन तांबी काढून घेतली. कुणाला विचारलं नाही. भावजींना घरी आल्यावर कळलं. ते म्हणाले, "आता माझां काय काम उरलां?" आणि स्वतःच इतके लाजले की मसाल्याचे डबे उगाच इकडून तिकडे करत बसले.

इथवर सगळं सरळ होतं.

मग गावाहून सासरे आले. त्यांना हे कळलं होतं, आणि अशी गोष्ट गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू करायची नाही असं त्यांचं ठाम मत होतं. पार्ल्याला गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. यांचं गाऱ्हाणं वेगळं. नारळ पुढे ठेवून, हात जोडून उभं राहायचं, एकानं मोठ्यानं देवाला परिस्थिती सांगायची, काय हवं ते मागायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मी देव मानत नाही. घरात ते सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावरून कधी भांडण झालेलं नाही. मी अशा वेळी सगळ्यांबरोबर उभी राहते, जशी मी कुणाच्याही सभेत राष्ट्रगीताला उभी राहते. 'व्हय म्हाराजा'ही म्हणायचे, त्यात माझं काय जात होतं.

वहिनीच्या खोलीत आम्ही उभे राहिलो. सासऱ्यांचा आवाज गावच्या देवळात घडलेला, दहा बाय बाराच्या खोलीत मावायचा नाही.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां मुंबयत उभी रवान तुका हाक मारतत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझ्या धाकल्या सुनेची कूस रिकामी झाली, तेच्यात तिचो काय गुन्हो नाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." हे मी जरा जोरातच म्हटलं.

"थोरली सून आपल्या पोटचां तिच्या ओटयेत घालूक तयार झाली म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेका यश दी. माझ्या धाकल्याच्या घरात वंशाचो दिवो लाव म्हाराजा."

सगळे म्हणाले. माझा आवाज निघाला नाही. वहिनीनं कोपरानं मला ढोसलं. मी समोरच्या नारळाकडे बघत राहिले. आदल्याच आठवड्यात मी एका दवाखान्याच्या दारात उभी राहून, पोलिसानं हाताला धरून बाजूला नेईपर्यंत, याच दोन शब्दांविरुद्ध ओरडले होते. पुढची तीन-चार वाक्यं झाली, नारळ वाढवला, खोबरं वाटलं. मी शेवटपर्यंत गप्प होते. सासरे कानानं जरा कमी, त्यांना कळलं नाही. मला वाटलं कुणालाच कळलं नाही.

गटातल्या एका मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं. ती घाटकोपरला शाळेत शिकवते, आणि ती प्रश्न विचारते तेव्हा समोरच्याला बाकावर उभं केल्यासारखं वाटतं.

"तिनं हो म्हटलं?" तिनं विचारलं.

"तिनंच सुचवलं."

"घरात मोठी सून. धाकट्या दिराला मूल नाही. सासरा देवापुढे उभा. नवरा बाजूला. ती नाही कशी म्हणेल?"

"तिनं आधीच तांबी काढली होती, कुणाला न विचारता."

"मग तू विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. आणि 'घरच्यांसमोर दिलेला होकार हा होकार नव्हे' हे वाक्य आमच्या पत्रकात मीच लिहिलेलं होतं, हुंड्याच्या संदर्भात, जाड अक्षरांत. माझ्या शरीराचा निर्णय दाराबाहेर झाला होता. हिच्या शरीराचा निर्णय नारळापुढे व्हावा, हे मला चालणार नव्हतं.

म्हणून एका रविवारी आम्ही रीतसर बसलो, आमच्या नाहूरच्या खोलीत. पुरुषांना बाहेर पाठवलं. ते कोपऱ्यावरच्या इराण्याकडे गेले. मैत्रीण आली होती, कारण घरातल्या माणसापुढे बाई मोकळी बोलत नाही, बाहेरचं कुणीतरी हवं. आम्ही गोलात बसलो. तिघींचा गोल होत नाही, तरी बसलो. वहिनी ठेवणीतलं पातळ नेसून आली होती. बहुतेक तिला वाटलं, काही कार्यक्रम आहे.

मी म्हटलं, "वहिनी, तुझ्यावर कुणाचा दबाव नाही ना?"

"दबाव? कोणाचो? ह्येचो?" तिनं दाराकडे मान वळवली. "तो माका घाबरता."

मैत्रीण हसली. मी नाही हसले. मी म्हटलं, "तसं नाही. तुझ्या मनात काय आहे ते सांग. तुला खरंच करायचंय का हे? नको असेल तर आत्ता सांग. कुणी काही म्हणणार नाही."

वहिनीनं चहाचा कप उचलला, परत ठेवला. "मी सांगितलंय ना."

"ते घरच्यांसमोर."

"तुझ्याकडे भांडी घासताना सांगितलंय. तेव्हा कोण होतां थंय?"

हे बरोबर होतं. तिथे थांबायला हरकत नव्हती. पण मैत्रीण म्हणाली की पुढे नऊ महिने आहेत, नंतर मूल हातातून देणं आहे, तेव्हा नको वाटलं तर? मग मी तिसऱ्यांदा विचारलं, जरा समजावून, फोड करून. तुझं शरीर आहे. निर्णय तुझा आहे. तू आमचं काही देणं लागत नाहीस. आता नीट विचार करून सांग, तयार आहेस का.

वहिनीनं पदर खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "चाय गार झाली." आणि उठली. दारात चप्पल घालताना मैत्रिणीला म्हणाली, "येतंय हां, बाय." मला काही म्हणाली नाही.

मैत्रिणीचं मत पडलं, "बघ. विचारलं नसतंस तर कळलंच नसतं."

पुढच्या आठवड्यात भावजी युनिफॉर्ममध्येच घरी आले, ड्यूटीवर जाता जाता. बसले नाहीत. "ती म्हणता, ऱ्हवांदे," ते म्हणाले. म्हणजे राहू दे. "आणि येत्या गुरुवारी प्रसूतिगृहात पोरां बंद करूच्या ऑपरेशनाचो कॅम्प आसा. करून घेतंय म्हणता."

"का?" नवऱ्यानं विचारलं.

"माका काय म्हायत. तुमीच काय तां इचारलास ना तिका." त्यांनी टोपी हातात फिरवली. "मी काय बोलूचंय नाय. पण ती रडली. ती रडणारी नाय."

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "तू जा. तिला सांग, ऑपरेशन करू नकोस."

"असं सांगता येत नाही."

"का नाही येत?"

"कारण ते तिचं शरीर आहे."

"अगं, पण..."

"अरे, पण काय? ऑपरेशन करू नको म्हणून बाईला अडवणाऱ्या सासरच्यांवर मी पत्रक काढलंय. आता मीच सासर झाले म्हणून ते रद्द?"

तो म्हणाला, "मग तिच्याशी बोल तरी. पत्रक म्हणून नको. जाऊ म्हणून जा."

मला हे वाक्य आवडलं नाही, पण मी गेले. गुरुवारनंतर जाण्यात काही अर्थ नव्हता. ऑपरेशन झालं की विषय संपला. दुसरी जाऊ नव्हती, मला बहीण नाही, आणि असती तरी असं देणं कुणाकडे मागता येत नाही. कुणी दिलं तरच.

वहिनी घरी नव्हती. डंकावर गेली होती. मसाल्याचे दिवस होते आणि मुलुंडच्या त्या गल्लीत शिरलं की डोळ्यांतून पाणी सुरू व्हायचं. डंक म्हणजे मसाला कुटायची जागा. लोखंडी मुसळं पट्ट्यावर वरखाली होत असतात, खाली उखळात मिरची, धणे, आणि भोवती बायका डब्यांवर बसून आपल्या नंबराची वाट बघत खोकत असतात. वहिनी तोंडाला पदर बांधून आपल्या मिरचीवर नजर ठेवून बसली होती. दुसऱ्याच्या मिरचीत आपली मिसळली तर रंग जातो, म्हणून तिथून हलायचं नसतं. मला बघून तिनं पत्र्याचा एक डबा पायानं पुढे सरकवला. मी बसले. आवाज इतका की ओरडूनच बोलावं लागत होतं.

"वहिनी, माझं काय चुकलं ते सांग."

"तुझां काय चुकता? तू शिकलेली."

"टोमणा नको मारू. सांग."

ती मुसळाकडे बघत होती. "तू माका तीनदा इचारलंस. आमी तुका एकदाच इचारलां, तेव्हा तू गप ऱ्हवलंस."

"मला कधी विचारलं?"

"गाऱ्हाण्यात. सगळ्यांनी व्हय म्हटल्यानी. पोरांनी पण. तू नाय म्हटलंस. मी कोपरानं ढोसलंय, तरी नाय. तेव्हाच माझ्या मनात इलां, हिका नको आसा. तोंडार कशी सांगतली, म्हणान गप. आणि मग घरी बोलावन, परक्या बाईसमोर बसवन, परत परत इचारतंस, तुका करूचां आसा काय, तुका करूचां आसा काय. आमच्याकडे देणाऱ्याक असां तीनदा इचारणां म्हणजे काय, म्हायत आसा?"

"काय?"

"नको. तोंडान नको म्हणूक लाज वाटता, म्हणान इचारतत. समोरच्यानच म्हणूचां, ऱ्हवांदे."

मी तोंडाला ओढणी लावायला गेले, तर ओढणी नव्हतीच. खोकला आला. शेजारची एक बाई मला पाणी देऊन म्हणाली, "नवीन दिसतेस."

मला राग आला होता. मी म्हटलं, "मी देवाला नाही म्हटलं नाही, वहिनी. तुलाही नाही. मी 'वंशाचा दिवा'ला नाही म्हटलं. मामंजी काय मागत होते ते ऐकलंस ना? मुलगी झाली तर काय, दिवा विझला? तू तुझा जीव घालणार, नऊ महिने घालणार, आणि मागणं काय, तर दिवा. तुझं त्यात नावसुद्धा नव्हतं. सून. थोरली सून."

आता वहिनीनं माझ्याकडे बघितलं. तोंडावरचा पदर खाली केला.

"मग थंयच सांगूचां."

"गाऱ्हाणं चालू असताना? मध्येच?"

"व्हय. बोलतत की. माझी आजी मधीच हात वर करायची. म्हणायची, 'तां नाय, ह्यां घाल.' गाऱ्हाणां घालणारो परत घालता. देव काय घाईत आसा?"

"मला हे कुणी सांगितलं नाही."

"तू इचारलंस कधी? माका इचारलंस, तीनदा."

डंकवाला मिरची उलथत होता. तो तिथूनच म्हणाला, "ओ ताई, भांडण घरी जाऊन करा ना. मसाल्यात उतरलं तर गिऱ्हाईक मला धरेल."

वहिनी त्याला म्हणाली, "तू तुझां कूट. आमचो मसालो तिखटच लागता." पण ती हसली होती. मग परत गंभीर झाली. "चेडू झालां तर तुका चालतलां?" चेडू म्हणजे मुलगी.

"वहिनी, मला मूल हवंय गं. कुठलंही मूल. तुझं असेल तर जास्त."

हे मी त्यांच्या घरात कधीच म्हटलं नव्हतं, हे मला ते म्हणताना लक्षात आलं. मूल हवंय म्हणून रडले होते. नाकारलं म्हणून चिडले होते. तिच्या इच्छेची चौकशी केली होती, बैठक घेतली होती. पण ज्या बाईनं देऊ केलं तिला, हो, मला हवंय, असं एक साधं वाक्य माझ्याकडून गेलं नव्हतं.

ऑपरेशनाबद्दल मी बोलले नाही. तो तिचा प्रश्न होता, आणि तो तिचाच राहणार होता. मी एवढंच म्हटलं, "गाऱ्हाणं परत घालूया. शब्द आपण दोघी ठरवू."

"तुका देव नाय ना?"

"नाही."

"मग कोणाक घालतलंस?"

"तू ऐकशील ना? तेवढं पुरे."

तिनं डबा उचलला. नंबर आला होता. "बुधवारी ये," ती म्हणाली. "दुपारी. ह्येची रात्रपाळी आसा, घरी असतलो."

बुधवारी आम्ही आधी शब्दांवर बसलो. मला सवय आहे, ठरावाचा मसुदा असाच होतो. दिवा गेला. मी म्हटलं, 'मुलगा असो वा मुलगी.' वहिनी म्हणाली, "तां वायलां-वेगळां नको. नुसतां 'पोर' म्हण. इतकी फोड केली तर देवाक संशय येतलो." मी मान्य केलं. मग मी म्हटलं, सगळ्यात आधी देणाऱ्या बाईच्या जिवाचं मागायचं, बाळाचं नंतर. "असां कोण मागत नाय," वहिनी म्हणाली. "आपण मागू," मी म्हटलं. नवरा आणि भावजी दाराशी बसून ऐकत होते. वहिनीनं वर बघून विचारलं, "तुमका चलात ना?" दोघांनी एकदमच माना हलवल्या.

गाऱ्हाणं भावजी घालणार होते, कारण सासरे गावाला परतले होते आणि बाई गाऱ्हाणं घालत नाही. तेही मला खटकत होतं, पण एका दिवसात किती भांडायचं. भावजी नारळापुढे उभे राहिले, हात जोडले, "बा देवा म्हाराजा," म्हणाले, आणि अडकले. गेटवर साहेबांच्या गाडीला सलाम ठोकताना जसे दिसत असतील तसे दिसत होते. पुन्हा "बा देवा म्हाराजा." पुन्हा अडकले.

"सर बाजूक," वहिनी म्हणाली, आणि पुढे झाली.

तिनं डोक्यावर पदर घेतला. आवाज सासऱ्यांसारखा खणखणीत नव्हता. डंकावर बोलायची तसाच होता, थोडा घोगरा.

"बा देवा म्हाराजा, मागच्या गाऱ्हाण्यात काय चुकलां असात तां पोटात घाल म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"मी पोटुशी ऱ्हवतलंय, माझ्या जिवाक जप म्हाराजा. माझी दोन पोरां आसत."

"व्हय म्हाराजा." मला माझा आवाज ऐकू आला.

"जां होतलां तां हिचां. कोणीव येवांदे, धडधाकट येवांदे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"हिका तां होयां आसा म्हाराजा."

हिला ते हवंय, हे ठरलेलं नव्हतं. वहिनी बोलायची थांबली होती. माझा नवरा गप्प होता, भावजी गप्प होते. मग मला कळलं की या वाक्याला एकटीनं म्हणायचं आहे.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

नारळ भावजींनी वाढवला, ते त्यांना जमतं. वहिनी ओटीचे तांदूळ घेऊन माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "पदर खंय तुझो?" मी कुर्त्यात होते. साडी नेसून यावं हे सुचलंच नव्हतं. तिनं इकडे तिकडे बघितलं, खुंटीवरची माझी शबनम काढून माझ्या हातात दिली. मी पिशवीचं तोंड उघडून धरलं. आत शनिवारची पत्रकं होती. तिनं त्यांच्यावरच तांदूळ टाकले, नारळाची एक कवड टाकली, कुंकू लावायला बोट पुढे केलं, माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघून तेच बोट स्वतःच्याच कपाळाला लावलं.

पुरुष बाहेर गेल्यावर मी म्हटलं, "वहिनी, एकच विचारू?"

"परत?"

"वेगळं आहे. भीती वाटते का?"

ती खोबऱ्याचे तुकडे करत होती. सुरी थांबली नाही.

"वाटता. कित्याक नाय वाटाची? तुझां झालां तां मी डोळ्यांनी बघितलंय." मग म्हणाली, "हॉस्पिटलात माझ्या वांगडा तू ऱ्हव. माझी आये नाय येवची, ती नुसती रडता. तू. आणि कागदार सही माझी मी करतलंय. तू फकस्त थंय उभी ऱ्हव आणि माका काय लिवलां तां वाचून दाखव."

"दाखवीन."

गुरुवारी मी प्रसूतिगृहाकडे फिरकले नाही. भावजींना काही विचारलं नाही. नवऱ्यालाही विचारू दिलं नाही, आणि तो दिवस त्यानं कसा काढला ते त्यालाच माहीत. शुक्रवारी वहिनीच्या मुलीकडून मसाल्याची बरणी आली आणि निरोप, "आई म्हणाली, पुढच्या महिन्यात तुम्हाला सांगेल." म्हणजे ती कॅम्पला गेली नव्हती.

शनिवारी घाटकोपर स्टेशनच्या पुलावर पत्रकं वाटायची होती. मी शबनममधून गठ्ठा काढला तर तांदूळ खाली सांडले. माझी शिक्षिका मैत्रीण शेजारी उभी होती. तिनं तांदळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मग, शेवटी कुणी कुणाला विचारलं?" ती म्हणाली. वहिनी रडली हे भावजी सांगून गेले, इथपर्यंत तिला माहीत होतं.

"तिनं मला."

"आणि तू?"

"हो म्हटलं."

तिनं निम्मी पत्रकं घेतली, चार-दोन दाणे फुंकून उडवले आणि पुलाच्या पलीकडच्या जिन्याशी जाऊन उभी राहिली.